व्हॉल्व्हसमोरचा पिवळा ठिपका

माझा स्वभाव तापट आहे, हे संजीवने म्हणजे माझ्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. दोहाला आल्यावर त्यात इथल्या उन्हाची भर पडली, असं तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर ऐकवतो. ऐकवू दे. जुन्या टायरवर नवं रबर चढवणाऱ्या कारखान्यात तपासणीला बसलेल्या बाईचं गोड बोलून भागत नाही. गोड बोललं की माणसं फुगा आलेला टायरसुद्धा ‘चलता है मॅडम’ म्हणत पुढे ढकलतात.

मी नाशिकची शैलजा. रबर टेक्नॉलॉजीला प्रवेश घेतला तेव्हा आईला वाटलं होतं, पोरगी चपलांच्या कारखान्यात जाणार. संजीवला कतारमध्ये गॅस कंपनीत नोकरी लागली, आम्ही दोहाच्या अल हिलाल भागात फ्लॅट घेतला, आणि वर्षभर घरी बसून मी त्याचं डोकं इतकं खाल्लं की इंडस्ट्रियल एरियातल्या या रिट्रेडिंगच्या कारखान्याची जाहिरात त्यानेच कापून आणून दिली. मी सांगते ती गोष्ट दोन हजार चार सालची, तेव्हा मला तिथे तिसरं वर्ष चालू होतं.

टायरचं मला पहिल्यापासून अप्रूप आहे. झिजलेला टायर बफिंगच्या मशीनवर चढवतात, वरचं जुनं रबर किसून खाली पडत जातं आणि आतला सांगाडा हळूहळू उघडा पडतो. कुठल्या कुठल्या दगडांवरून, अंडं शिजेल अशा तापलेल्या रस्त्यांवरून तो वजन वाहत धावलेला असतो, आणि आत बघावं तर धाग्यांचे थर जसेच्या तसे, एकमेकांना धरून. त्यावर हात फिरवताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. संजीव म्हणतो, माझ्या दुखऱ्या गुडघ्यावरून तू इतक्या मायेने कधी हात फिरवला नाहीस. गुडघ्याने एवढं काम केलं असतं तर फिरवला असता.

सगळेच सांगाडे असे निघत नाहीत. कुठे थर सुटलेले असतात, कुठे आत पाणी शिरलेलं असतं. नवं रबर चढवताना हवा अडकली तर महिन्याभरात तिथे फुगा येतो. वाळवंटात जाणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत असे दोष जिवावर बेततात. म्हणून आमच्याकडे एक नियम होता, मी यायच्या आधीपासूनचा. तक्रार घेऊन गाडी आली की सर्वांत आधी टायर धुवून रिमवरून उतरवायचा, आत दिवा धरून हाताने चाचपायचा, बाहेरून हातोडीने वाजवायचा, आणि मगच दुसऱ्या कशाला हात लावायचा. मला तो नियम पटलेला होता.

दुसरी भानगड बॅलन्सिंगची. कुठलाही टायर सगळीकडून सारख्या वजनाचा नसतो, रिट्रेड केलेला तर नाहीच नाही. जिथे तो सर्वांत हलका भरेल, तिथे आम्ही पिवळ्या रंगाचा ठिपका देत असू. हवा भरायच्या व्हॉल्व्हपाशी रिम थोडी जड असते. ठिपका व्हॉल्व्हसमोर आणून टायर बसवायचा, चाक मशीनवर गरगर फिरवायचं, आणि उरलेला फरक रिमच्या कडेला शिशाचे तुकडे ठोकून काढायचा. मशीनने शून्य दाखवलं की झालं. पन्नास ग्रॅमचा फरक म्हणजे मूठभर शेंगदाणे. पण गाडी शंभरच्या वेगाने पळायला लागली की तेच शेंगदाणे सेकंदाला दहा-बारा वेळा घणासारखे आदळतात. हे मी कॉलेजात वहीवर गणित मांडून शिकले होते. हाताला ते कधी कळलं नव्हतं.

टायर बसवायचं काम जेरोमकडे होतं. जेरोम वसईचा, आडव्या बांध्याचा, कामाला वाघ. त्याच्या गणवेशाच्या शर्टाचं दुसरं बटण कायम गायब असायचं आणि त्या फटीतून गळ्यातला क्रूस बाहेर डोकवायचा. मी रोज टोकायची, बायकोकडून बटण लावून घे म्हणून. त्याची बायको इथेच दोहात एका हॉस्पिटलात नर्स होती. ‘ती पेशंटचं बघते, मॅडम. बटण पेशंट नाय ना,’ असं म्हणून तो हसायचा आणि पुढचं चाक ओढायचा.

आणि बशीरभाई मुरुडचे. साठीला टेकलेले, बारीक, पांढरी दाढी, डोक्याला विणलेली टोपी. आमच्याकडे टायर करून घेणाऱ्या एका कंपनीची पिकअप ते चालवत. खाली दक्षिणेला, खोर अल उदैदच्या बाजूला वाळवंटात सर्व्हे करणाऱ्या लोकांच्या छावण्या होत्या, तिथे पाणी आणि जेवण पोचवायचं. वाळूत रस्ता नसतो, तो चालवणाऱ्याच्या डोक्यात असतो, आणि बशीरभाईंच्या डोक्यात तो पंचवीसेक वर्षं होता. बाहेर सगळ्यांशी हिंदीत बोलणारे ते माझ्या टेबलापाशी आले की मुरुडचं बोलायला लागायचे. मला ‘बाय’ म्हणायचे. दोहामध्ये मला ‘बाय’ म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

जूनमध्ये ते पहिल्यांदा तक्रार घेऊन आले.

“बाय, जाताना गाडी झकास जाते. वाळूत पन काय नाय. येताना डांबरावर आलो, हवा भरली, नव्वदच्या वर गेलो का स्टिअरिंग कापाया लागता.”

आम्ही नियमाप्रमाणे चाकं धुतली, टायर उतरवले, मी आत डोकं घालून इंच न् इंच चाचपला. काही नाही. जेरोमने टायर परत बसवले, मशीनवर फिरवले. शून्य. बशीरभाई गाडी घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात परत आले, तीच तक्रार. परत उतरवलं, परत चाचपलं, परत शून्य. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण एकदा मी वैतागून बोलले, “बशीरभाई, अहो मशीनला काय तुमच्याशी वैर आहे का?” ते आपल्या दोन्ही हातांकडे बघत उभे राहिले.

त्यांच्या कंपनीचा ट्रान्सपोर्ट मॅनेजर खलील, हैदराबादचा. सप्टेंबरअखेर तो स्वतः आला आणि माझ्या टेबलावर किल्ल्या आपटत म्हणाला, “मशीन जीरो बोल रा. जाते वक्त गाड़ी नई हिलती, आते वक्त हिलती. क्यूं? बुड्ढा थक जाता. गाड़ी नई हिल री मॅडम, उनके हाथां हिल रे.” रमजान तोंडावर आला होता. त्याआधी बशीरभाईंचं मेडिकल करायचं आणि घरी पाठवायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. “खलास,” तो म्हणाला.

तपासणीची सही माझी होती आणि ती शून्याच्या बाजूने होती.

बशीरभाई बाहेर सावलीत बसले होते. मी गेले तर म्हणाले, “घरी जायाला माजी ना नाय, बाय. कधीतरी जायाचाच हाय. पन हात कापतात म्हनून पाठवलेला मानूस होऊन नाय जायाचा. मुरुडात आमची होडी हाय. भावाची पोरं मला सुकाणूला हात लावू देतील का?”

मला त्या क्षणी खलीलचा, मशीनचा आणि माझ्या स्वतःच्या सहीचा असा काही संताप आला की मी म्हटलं, येत्या शुक्रवारी मी तुमच्याबरोबर येते. घरी जाऊन संजीवला सांगितलं की तूही येतोयस. शुक्रवारची झोप गेली म्हणून तो कुरकुरला, पण आला. त्याच्या गुडघ्याने माझ्याशी वाद घालायचं केव्हाच सोडलं होतं.

गुरुवारी जेरोमने टायर चढवले आणि चाकं मशीनवर घ्यायच्या वेळी मला हाक मारली. पिवळे ठिपके व्हॉल्व्हसमोर होते, मशीनने शून्य दाखवलं, मी सही केली.

शुक्रवारी सकाळी निघालो. संजीव मागच्या सीटवर, मी पुढे, बशीरभाई चालवायला. त्यांच्या कंपनीची दुसरी पिकअप मागून येत होती, कारण वाळूत कुणी एकटं जात नाही. मेसाईद गावापर्यंत गाडी खरंच झकास गेली. डांबर संपतं तिथे बशीरभाई उतरले आणि त्यांनी चारही टायरची हवा सोडायला सुरुवात केली. फुस्स आवाज चालू असताना ते मापयंत्राकडे न बघता टायरच्या पोटाकडे बघत होते. हवा कमी केली की टायर खाली पसरतो, वाळूवर जास्त जागा धरतो आणि रुतत नाही. बाकीच्यांपेक्षा त्यांनी बरीच जास्त सोडली. मागच्या पिकअपचा ड्रायव्हर कडेकडेने सपाटीवरून जाणारा. छावण्यांना पाणी लवकर मिळावं म्हणून बशीरभाई मोठ्या टेकड्यांवरून सरळ कापत.

वाळवंट मी तोवर गाडीच्या काचेतून आणि पिकनिकच्या चटईवरून पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं म्हणायला हवं. समोर वाळूची भिंत उभी राहायची, आमचं नाक आभाळाकडे व्हायचं, माथ्यावर क्षणभर पुढे काहीच नसायचं, आणि मग गाडी दुसऱ्या बाजूने वाळूबरोबरच खाली घसरत जायची. संजीव मागे रामरक्षा म्हणत होता, मोठ्याने, आणि मला हसू येत नव्हतं. बशीरभाईंचे हात स्टिअरिंगवर असे होते की ते फिरवतायत हे कळतही नव्हतं.

“ह्या टेकड्या चालतात, बाय,” ते म्हणाले. “मी नवा आलो तवा ही मोठी तिकडं मागं होती. वारा ढकलता, ती सरकता. शेवटी दर्यात जाते.”

छावण्यांना पाणी देऊन झाल्यावर त्यांनी आम्हाला तो दर्या दाखवला. एका माथ्यावर गाडी थांबवली आणि खाली, चहूबाजूंनी वाळू असताना, मधे निळं पाणी. आवाज नाही, पक्षी नाही, माणूस नाही. पलीकडच्या काठाला दुसरा देश. आणि टेकडीची वाळू आपली सावकाश, कणाकणाने, त्या पाण्यात उतरत होती. संजीवने माझ्याकडे बघून घड्याळात वेळ पाहिली. माझं तोंड इतका वेळ बंद राहिलेलं त्याने तोवर पाहिलं नव्हतं.

बशीरभाईंनी थर्मासमधून चहा ओतला. ओतताना त्यांचा हात थरथरला. चांगलाच थरथरला, निम्मा चहा ग्लासबाहेर त्यांच्या बोटांवर सांडला. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

त्यांनी टोपीच्या घडीतून एक सुई काढली. तिला काळा दोरा गुंडाळलेला होता.

“खलीलशेट जुलैत पयल्यांदा मला बोलला, तवापासून ही ठेवलीय,” ते म्हणाले. “रोज पहाटं फजरची नमाज झाली का दोरा ओवून बघतो. आधी पयल्या झटक्यात जायाचा. आता म्हयना झाला, जात नाय.” सुई परत टोपीत खोचून ते पाण्याकडे बघत राहिले. “माजा मलाच भरवसा नाय ऱ्हायला. वाटता, खरंच मीच हालतोय काय?”

मला फार वाईट वाटलं. खलीलचं खरं निघणार आणि ते मीच डोळ्यांनी पाहून सांगणार, या विचाराने चहा कडू लागला.

डांबराशी आल्यावर बशीरभाईंनी छोट्या पंपाने हवा भरली. रिमच्या आत वाळू चिकटून बसली तरी चाक हलतं, म्हणून मी स्वतः वाकून चारही रिम बघितल्या. त्यांनी त्या आधीच पाण्याने धुवून लाकडाने ठोकून साफ केल्या होत्या. आता उरलं काय? गाडी आणि माणूस.

“किल्ली द्या,” मी म्हटलं. “परत मी चालवणार. कतारचं लायसन्स आहे माझ्याकडे.”

ते घुटमळले. संजीव मागून म्हणाला, “चाचा, द्या. नाहीतर आपल्या दोघांनाही आज जेवण नाही.”

मी बसले. बशीरभाई शेजारी बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. साठ, सत्तर, ऐंशी. गाडी सरळ पळत होती. मी मनात म्हणत होते, थरथर देवा, थरथर. टायर तपासणाऱ्या बाईने मागू नये ते मी मागत होते. नव्वद झाले आणि तळव्यात कुणीतरी जागं झाल्यासारखं वाटलं. पंच्याण्णवला स्टिअरिंग माझ्या हातात कापायला लागलं. शंभरला कोपरापर्यंत आलं, दातांपर्यंत आलं. कॉलेजातले ते मूठभर शेंगदाणे! पहिल्यांदा ते माझ्या हाडांना कळले, आणि खरं सांगते, भीती वाटायच्या आधी मला त्या ताकदीचं नवल वाटलं.

“लागता काय, बाय?” बशीरभाईंनी हळूच विचारलं.

“लागतंय, बशीरभाई. चांगलं लागतंय.”

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी गाडी कडेला घेतली. पुढच्या चाकाशी उकिडवी बसले आणि ओढणीने टायरच्या बाजूवरची धूळ पुसली. व्हॉल्व्ह होता. त्याच्यासमोर पिवळा ठिपका नव्हता. मी पुसत पुसत पुढे गेले, तर ठिपका वीतभर लांब निघाला. पहिला राग जेरोमवर आला. मेल्याने वाकडा बसवला! पण गुरुवारी तो ठिपका मी व्हॉल्व्हसमोर पाहिला होता, स्वतःच्या डोळ्यांनी. मी दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे धावले. तिथला ठिपका तर आणखी लांब जाऊन बसला होता.

टायर रिमवर सरकला होता. एवढं जड रबर, हवेने आतून दाबून बसवलेलं, आणि ते रिमवर चालत गेलं होतं. मी तिथे रस्त्याच्या कडेला मातीत बसून राहिले. हवा कमी असताना इंजिन रिमला पुढे ढकलतं आणि वाळू टायरला मागे धरते. प्रत्येक चढावर केसभर, केसभर. मग ठिपका एकीकडे, शिसं भलतीकडे, आणि जे वजन फरक काढायला ठोकलं तेच फरक वाढवायला लागलं. आम्ही मात्र गाडी आली की आधी टायर धुवून उतरवायचो, तपासायचो आणि ठिपका पुन्हा नीट व्हॉल्व्हसमोर आणून बसवायचो. बसवताना ठिपका बघायचा असतो. उतरवताना तो कुठे आहे, हे कोण कशाला बघेल? आमची काळजीच दर आठवड्याला बशीरभाईंचा पुरावा पुसून टाकत होती.

“टेकडी चालते,” बशीरभाई माझ्या मागे उभे राहून म्हणाले, “मंग टायर का नाय चालायचा?”

पण इतका सरकू नये. हवा कितीही सोडली तरी वीतभर नाही. मी टायरची कड जिथे रिमला भिडते तिथे बोट फिरवलं. बोटाला काळपट, चिकट वाळू लागली. वास घेतला. त्या उन्हात, मेसाईदच्या रस्त्यावर, मला माझ्या मावशीच्या वेणीचा वास आला. खोबरेल तेल.

शनिवारी सकाळी मी कारखान्यात शिरले ती जेरोमच्या नावाने हाका मारतच. टायर बसवताना कडेला एक साबणासारखी पेस्ट लावायची असते. ती आधी बुळबुळीत असते म्हणून टायर सहज चढतो, आणि नंतर वाळून घट्ट धरते. तेल काही वाळत नाही.

“पेस्टने हात फाटतात, मॅडम,” जेरोम म्हणाला. “आणि हे म्हातारे टायर. म्हाताऱ्या माणसाला आपण तेल चोळतो ना, सांधे नरम राहावेत म्हणून? मम्मी वसईवरून पाठवते, घाण्याचं, एकदम प्युअर. मी म्हटलं, यांनापण थोडं लावू. मे महिन्यापासून लावतो. सगळ्यांना नाय हां, वाळवंटात जातात त्यांनाच.”

म्हणजे ज्यांना लावायला नको होतं, नेमकं त्यांनाच. मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा पाहिला आहे, पण त्यात इतकी माया मिसळलेली कधी पाहिली नव्हती. तरी मी ओरडायचं ते ओरडले. जेरोम खाली मान घालून ऐकत होता. बशीरभाईंना हात कापतात म्हणून घरी पाठवणार होते, हे मी सांगितलं तेव्हा मात्र तो मटकन टायरवर बसला.

“माझ्या तेलाने?” त्याने विचारलं.

“तुझ्या तेलाने.”

त्याने गळ्यातला क्रूस मुठीत घेतला.

खलीलला मी फोन करून त्याच्या बाकीच्या पिकअपही घेऊन यायला सांगितलं. त्या धुवायच्या आधी, उतरवायच्या आधी, मी त्याच्यासमोर ठिपके पुसून दाखवले. सगळे सरकले होते, बशीरभाईंचे सर्वांत जास्त, बाकीच्यांचे थोडे. बाकीचे ड्रायव्हर गप्प का होते, असं त्याने एकाला दरडावून विचारलं. “बोलते तो हमारा भी मेडिकल होता, साहब,” तो म्हणाला. खलील ठिपक्यापाशी वाकला, टायरच्या कडेवर बोट फिरवून वास घेतला, आणि “माशाल्ला” एवढंच म्हणाला. मेडिकलचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

आम्ही सगळ्या रिम आणि टायरच्या कडा घासून कोरड्या केल्या. जेरोमने हातमोजे घालून पेस्ट लावली. टायर उतरवण्याआधी ठिपका कुठे आहे ते बघायचं, हा नवा नियम मी भिंतीवर लिहिला. बशीरभाई पुढच्या शुक्रवारी त्याच वाटेने, त्याच टेकड्यांवरून, तितकीच हवा सोडून जाऊन आले.

शनिवारी ते आले तेव्हा जेरोम कामाला होता. बशीरभाईंनी गाडी उभी केली, पुढच्या चाकाशी वाकून बोटाने धूळ पुसली. पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर होता. केसभरही हलला नव्हता. दुसऱ्या बाजूलाही नाही.

जेरोम पुढे आला. त्याने आठवडाभर काय बोलायचं ते ठरवून ठेवलं असणार, पण त्याच्या तोंडून एवढंच निघालं, “चाचा, ते तेल मी लावलेलं.”

मी मधे पडायला उठले होते. बशीरभाई त्याच्याकडे बघत होते. मग त्यांची नजर त्याच्या शर्टावर आली.

“बटन कुठं गेला?”

“खिशात,” जेरोम म्हणाला. “कधीचं आहे.”

“काढ.”

जेरोमने बटण काढून दिलं आणि शर्ट उतरवायला लागला.

“नको,” बशीरभाई म्हणाले. “उभा ऱ्हा.”

त्यांनी टोपीतून सुई काढली. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं. बफिंगचं मशीन नेमकं बंद होतं, आणि शेडमध्ये सगळे आपापल्या जागी थांबले होते. पहिल्या झटक्यात दोरा सुईतून पार गेला.

त्यांनी बटण शर्टावर ठेवलं आणि टाका घातला. जेरोम श्वास रोखून उभा होता. सुई त्याच्या छातीपासून नखभर अंतरावर आत जायची, बाहेर यायची, क्रूसाला धक्का न लावता. मी बॅलन्सिंगच्या मशीनवर हजारो शून्यं पाहिली आहेत. बशीरभाईंच्या बोटांपुढे मला त्या दिवशी ती सगळी फिकी वाटली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी कुणापासून लपवलं नाही.

बशीरभाईंनी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि बटणावर अंगठा दाबून बघितला.

“आनखी कुठला सैल हाय?” त्यांनी विचारलं.